न दिलेला नकार

डॉक्टर ओगुंतोला गावभर सांगत फिरतो की त्याने मला पटवलं. पटवलं म्हणे! माझ्या नवऱ्याला, अल्लाह त्याला चांगली जागा देवो, मला पटवायला दोन वर्षं आणि बेचाळीस कंद लागले होते, आणि दिसायला तो डॉक्टरपेक्षा पुष्कळ बरा होता. हा गडी चार दिवस माझ्या नाकासमोरून कोट फडकावत गेला आणि आला, पण एक प्रश्न म्हणून विचारला नाही. न विचारता बाईला पटवायची विद्या कुठल्या शाळेत शिकवतात मला माहीत नाही. मी तिसरीतच शाळा सोडली.

म्हणून हे लिहिते आहे. सून म्हणाली, "आई, तुम्ही सांगा, मी लिहून घेते." म्हटलं नको. तू शाळेत मास्तरीण, तू त्याला गोड करशील. माझं अक्षर वाकडं असेल, पण ते माझं आहे.

पंचेचाळीस वर्षं मी बोडिजा बाजारात एलुबो विकते. सुकवलेल्या कंदाचं पीठ. त्याचा अमाला घोटून खाल्ल्याशिवाय इबादानचा माणूस जेवलो म्हणत नाही. हजला जाऊन आल्यापासून मला सगळे अल्हाजा म्हणतात. त्याआधी काय म्हणायचे ते लिहिण्यासारखं नाही. बाजारात दोन बायकांचं वजनावरून वाजलं, की माझ्याकडे येतात. मी दोघींचं ऐकते आणि निकाल देते. निकाल आवडला नाही म्हणून आजवर कोणी परत आलेली नाही, आणि आली असती तर दुसरा निकाल पहिल्यापेक्षा कडू असता.

गनियू माझं शेंडेफळ. छत्तीस वर्षांचा, छापखाना चालवतो. लग्नाच्या पत्रिका, मेलेल्यांचे फलक, निवडणुकीतले हसरे चेहरे, सगळं छापतो. वाळवंटाकडून धुळीचा कोरडा वारा सुटला त्या आठवड्यात त्याला ताप आला. "मलेरिया आहे," म्हणाला. स्वतःच डॉक्टर झाला, कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळ्या आणल्या, आणि पाच दिवस यंत्रापाशी उभा राहून खोकला. सहाव्या दिवशी अयोकाने, माझ्या सुनेने, त्याला टॅक्सीत घालून मोठ्या इस्पितळात नेलं. मी पोचले तेव्हा त्याचे ओठ चुलीतल्या राखेसारखे झाले होते, आणि तो श्वास असा ओढत होता जसा काही श्वास दुसऱ्याच्या मालकीचा आहे आणि हा चोरतो आहे.

आत घेतल्याबरोबर त्यांनी कात्री आणली आणि त्याचा अंगरखा उभा फाडला. हातमागाचा. ईदला मी स्वतः विणून घेतला होता.

"अरे, गुंड्या कशाला असतात?" मी ओरडले. "आईने तुम्हाला कपडे काढायला शिकवलं नाही का? कसाई आहात का?"

सगळा मजला गोळा झाला. परिचारिका आल्या, पहारेकरी आला, शेजारच्या खाटेवरचा हाडमोडका म्हातारासुद्धा मान वर करून बघायला लागला. हे मी लपवत नाही. ओरडले ते ओरडले. त्याची किंमत मला पुढे मोजावी लागली, तेही सांगणार आहे.

गनियूच्या घशात नळी घातली. त्याला झोपेचं औषध दिलं आणि यंत्राला जोडलं. यंत्र श्वास देतं, छाती वर येते, यंत्र सोडतं, छाती खाली जाते. डॉक्टर ओगुंतोला बाहेर आला. पन्नाशीचा, गुळगुळीत, कपाळावर विलायतेत राहून आलेल्या माणसाची ती एक आठी.

"दोन्ही फुप्फुसं पाण्याने भरली आहेत, अल्हाजा. फार गंभीर आहे. पण यंत्र लावलंय."

"बरा होईल?"

"आम्ही सगळं करतो आहोत."

हे त्याचं वाक्य. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्याने ते पाठ केलेलं होतं, पोपटाने शेजारणीचं नाव पाठ करावं तसं.

आम्हाला दिवसातून दोनदा आत सोडत. बाकीचा वेळ बाहेरच्या बाकावर. त्या बाकाला मधली फळी नव्हती, त्यामुळे बसलेली प्रत्येक बाई जरा आत गेलेली दिसायची. गनियूच्या डोक्यापाशी एक पडदा होता आणि त्यावर निळा आकडा. तो रक्तातल्या हवेचा, हे मला तिथल्या परिचारिकेने सांगितलं. तिचं नाव इबिदुन. बुटकी, रुंद खांद्यांची, आणि आवाज असा की बाजारात असती तर माझं गिऱ्हाईक पळवलं असतं. नव्वदच्या वर असला तर बरं, खाली गेला तर वाईट, असं ती म्हणाली. मला अक्षरं कमी येतात, पण आकड्यांनी मला आजवर कोणी फसवलेलं नाही. पहिल्या दिवशी शहाऐंशी. दुसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी. तिसऱ्या दिवशी ब्याऐंशी. घसरणारा भाव मला लांबून कळतो.

चौथ्या दिवशी सकाळी आकडा एकोणऐंशी होता. डॉक्टर बाकापाशी थांबला. त्याच्या मागे दोन शिकाऊ पोरं, वह्या घेऊन.

"अल्हाजा, आम्ही सगळं केलं. आता देवाच्या हातात आहे. प्रार्थना करा."

"प्रार्थना मी पाच वेळा करते. ती माझी बाजू झाली. तुझ्या बाजूचं सांग. सगळं म्हणजे काय काय?"

"ते तुम्हाला समजणार नाही."

"समजावून बघ. मी एकदा सरकारी इन्स्पेक्टरला वजनकाटा समजावला आहे."

एक शिकाऊ पोरगा हसला आणि लगेच खोकला. डॉक्टर हसला नाही. मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि गेला. आणि अयोका, जी इतके दिवस रडली नव्हती, ती त्या मोडक्या बाकावर बसून रडायला लागली, कारण देवाच्या हातात म्हणजे काय हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

दुपारी आत सोडलं तेव्हा मी इबिदुनला धरलं.

"पोरी, खरं सांग. सगळं केलं?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीपाशी गेली. तिथे कुठल्याशा औषधवाल्यांचं कॅलेंडर लटकत होतं, त्यावर दात दाखवणारी बाई. इबिदुनने ती बाई बाजूला सारली. खाली प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद होता. कोपऱ्यावर चहाचा डाग.

"अयोका, वाच," मी म्हटलं.

अयोकाने वाचलं. फुप्फुसं पार थकली, तर काय काय करायचं त्याची कलमं होती. पहिलं, यंत्राने श्वास लहान द्यायचा, माणसाच्या उंचीच्या हिशेबाने, नाहीतर फुप्फुस फाटतं.

"हे केलंय," इबिदुन म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

दुसरं केलं होतं. तिसरं अयोकाने दोनदा वाचलं. आजार फारच वाढला, तर रोग्याला पालथं घालावं. दिवसातले सोळा तास.

"हे?"

इबिदुनने मान आडवी हलवली.

"पालथं घातल्याने काय होतं?" मी विचारलं.

"अल्हाजा, माणूस उताणा पडला की फुप्फुसाचा पाठीकडचा भाग दबतो. पाणी तिथेच साचतं. पण फुप्फुस सगळ्यात जास्त तिथेच असतं. पालथं केलं की तो भाग मोकळा होतो, हवा घेतो."

मला पुढचं सांगावं लागलं नाही. कंदाच्या चकत्या वाळत घातल्या की त्या उलटाव्या लागतात. एकाच अंगावर ठेवल्या तर वरून खडखडीत आणि खालून बुरशी. सात वर्षांची पोरगीसुद्धा हे जाणते, कारण उन्हात बसून चकत्या उलटायचं काम तिचंच असतं.

"नवीन शोध आहे का हा? भीती वाटते का करायला?"

"दहा वर्षांहून जुना आहे. शेकडो माणसांवर पडताळून बघितलाय. पालथे घातलेले जास्त जगले, अल्हाजा. पुष्कळ जास्त. हा कागद डॉक्टरांनीच लावला, सहा वर्षांपूर्वी. स्वतः परदेशी जाऊन शिकून आले, इथे आम्हाला मोठं भाषण दिलं, आणि हा चिकटवला."

"आणि केलं किती जणांना?"

ती म्हणाली, "मी दर वेळी आठवण करते." म्हणजे किती ते मला कळलं. सहा वर्षं ही पोरगी सांगते आहे, आणि पालथ्या घड्यावर पाणी. आणि घडा कोण, तर पालथं घालायचं शास्त्र शिकून आलेला. बटण फिरवायचं होतं ते फिरवलं. माणूस फिरवायचा होता तो राहिला.

"पण माझ्या गनियूला का नाही?"

इबिदुनने खाटेच्या टोकाची फाईल काढली, एक पान उघडलं आणि फाईल तशीच उघडी खाटेवर ठेवली. "मी हात धुवून येते," म्हणाली. तिचे हात स्वच्छ होते.

अयोका वाकली. वाचताना तिचा आवाज वर्गात वाचतात तसा सपाट झाला. "पालथं घालणं. नातेवाईकांचा नकार. कारण, रूढी." तारीख दुसऱ्या दिवसाची.

"कोणते नातेवाईक?"

"मी नाही, आई. मला कोणी विचारलंच नाही."

"मग मीच असेन. झोपेत दिला असेल."

आता माझ्या नकाराबद्दल कोणाला काही सांगायची गरज नाही. मी मामलेदाराला नकार दिला आहे, जो माझी जागा मागत होता. थोरल्या मुलीला मागायला आलेल्या दोन घरांना दिला आहे. सवतीच्या भावाला तर भर बारशात दिला. माझा प्रत्येक नकार तीन गल्ल्या पलीकडे ऐकू गेला आहे. आणि हा नकार, ज्याच्यावर माझ्या पोराचा जीव टांगलेला, तो मी इतक्या हळू आवाजात दिला की मलाच ऐकू आला नाही!

मी डॉक्टरच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही. तो मोईन-मोईन खात होता, चवळी वाटून पानात उकडलेलं, आणि ती दोन शिकाऊ पोरं उभी होती.

"डॉक्टर, माझा नकार मला ऐकव," मी म्हटलं. "कुठल्या शब्दांत दिला मी? उभी होते का बसले होते? अंगावर कुठली ओढणी होती?"

त्याने चमचा खाली ठेवला. "तुम्ही फाईल वाचलीत?"

"मी कुठली वाचते. तुझं अक्षर तुझ्या आईला तरी लागतं का? ज्याला लागतं त्याने वाचलं."

"हे बघा अल्हाजा, रागावू नका. मी तुमच्याच भल्यासाठी... आपल्या लोकांना हे चालत नाही. माणसाला असं पालथं घातलं की म्हणतात, अपशकुन झाला, मेल्यात जमा केला. एका घरच्यांनी इथे केवढा तमाशा केला होता. वॉर्डाची काच फोडली."

"कधी?"

"झाली... पाच वर्षं झाली असतील."

"म्हणजे पाच वर्षांपूर्वी एका घराने तोंड उघडलं, आणि तू सगळ्या इबादानचं तोंड शिवून टाकलंस?"

"तुम्हाला कल्पना नाही, लोक किती अडाणी..."

"अडाणी मी समोर उभी आहे. माझ्याशी बोल. तुझे वडील आहेत?"

"आहेत. पण त्यांचा इथे काय संबंध?"

"सणाला घरी जातोस तेव्हा त्यांच्यापुढे काय करतोस? गोऱ्यासारखा लांबून हात हलवतोस?"

त्याने पुन्हा चमचा उचलला. मी त्या शिकाऊ पोराकडे वळले, हसला होता त्याच्याकडे. "तू सांग रे. तू आपल्या योरुबा लोकांचा पोर आहेस ना? बापापुढे काय करतोस?"

"दंडवत घालतो, अल्हाजा."

"कशावर पडून?"

"छातीवर."

"पालथा?"

"पालथा."

"मेलास का कधी?"

"नाही, अल्हाजा."

"ऐक डॉक्टर. माझा गनियू चालायला लागला तेव्हापासून रोज सकाळी माझ्यापुढे छातीवर पडतो, नाक जमिनीला, दोन्ही हात अंगाशी. पाऊस असो, चिखल असो. ह्या शहरात पालथा न पडता वाढलेला एक पुरुष आणून दाखव, मी त्याला जन्मभर फुकट अमाला घालते. आणि तू सांगतोस आपल्या लोकांना पालथं चालत नाही! कुठल्या आपल्या लोकांना? तू कोणाचा?"

त्याची आठी खोल गेली. "ते दंडवत एका क्षणाचं असतं. इथे सोळा तास."

"माझ्यासारख्या आईपुढे सोळा तास थोडेच आहेत."

शिकाऊ पोराने तोंड फिरवलं. डॉक्टरने दुसरी वाट धरली. "माणसं कुठे आहेत, अल्हाजा? उलटायला पाच जण लागतात. एकाने नळी धरायची, दोघं या बाजूला, दोघं त्या. नळी निसटली तर दोन मिनिटांत संपलं. तुम्ही बघता आहात, माझ्याकडे दोन परिचारिका आहेत."

मी त्याच्या खिडकीतून खाली बघितलं. बदामाच्या झाडाखाली इस्पितळाचे चार शिपाई लाकडी पाटावर बियांचा डाव मांडून बसले होते. एक जण नुकताच जिंकला असावा, कारण तो नाचत होता.

"हे चौघं कोणाचे पाहुणे?"

डॉक्टरने खाली बघितलं. मग तो जरा वेगळ्याच आवाजात बोलला. "खरं सांगू? तुम्हाला विचारायची छाती झाली नाही. एका अंगरख्यासाठी तुम्ही अख्खा मजला डोक्यावर घेतलात. म्हटलं, कपड्यासाठी एवढं, तर पोराला पालथं घालतो म्हटल्यावर ही बाई काय करेल."

हे मला लागलं. खोटं कशाला सांगू. पहिल्या दिवशीच्या त्या ओरडण्याने माझ्या पोराचे तीन दिवस खाल्ले, हे मला त्या खोलीत कळलं. मी टेबलाची कड धरली.

"अंगरखा फाडताना मी ओरडले, कारण तेवढंच मला दिसत होतं," मी म्हटलं. "फुप्फुस दाखवलंस का मला? दाखवलं असतंस तर त्याच्यासाठी ओरडले असते, आणि मग बघितलं असतंस ओरडणं कशाला म्हणतात. ओरडणाऱ्या बाईला भ्यालास, ठीक आहे, माझा नवराही भ्यायचा. पण तो भ्याला की खाटेखाली लपायचा. माझी सही करत नव्हता. विचारणारा वाट चुकत नाही, एवढं तुझ्या आजीने शिकवलं नाही का तुला? आता ऊठ. परवानगी दिली. मोठ्याने दिली. ह्या दोन पोरांनी ऐकली. लिही."

त्याने लिहिलं.

चार शिपायांपैकी दोघांना मी खाली जाऊन आणलं. जिंकलेला कुरकुरत होता, डाव मोडला म्हणून. "डाव मग मांड," मी म्हटलं. "माझा मोडायला आलाय." इबिदुनने त्यांना हात धुवायला लावले, मास्क लावले, आणि सगळ्यांना जागा दिल्या. दोन शिपाई, एक शिकाऊ, ती स्वतः. डोक्यापाशी नळी धरायला डॉक्टर. मला दारात उभं राहू दिलं, कारण दारातून हलवायला आणखी पाच जण लागले असते.

तेव्हा मी डॉक्टरचे हात बघितले. ते थरथरत होते. आणि मला उमगलं, याने हे कधी केलेलंच नाही. परदेशात बाहुलीवर केलं असेल. सहा वर्षं कागद भिंतीवर आणि हात खिशात. रूढी म्हणे! रूढी त्याच्या हातांना होती.

"सर, नळी इथे धरा, ओठापाशी," इबिदुन म्हणाली, जसं पोराला पहिल्यांदा घागर धरायला शिकवतात. "मी तीन म्हटलं की. आधी कडेला, मग कुशीवर, मग पालथा. घाई नाही. एक. दोन. तीन."

माझा सहा फुटी पोरगा चादरीसकट कडेला सरकला, कुशीवर आला आणि पालथा झाला. छातीखाली उशी, कमरेखाली उशी, तोंड एका बाजूला. आकडा शहात्तरवर गेला. कोणीतरी श्वास रोखला, बहुतेक मीच. आजवर मी कधी भाव चढावा म्हणून अल्लाहला साकडं घातलं नव्हतं. त्या वेळी घातलं.

"थांबा," इबिदुन म्हणाली. "थांबा. थोडा वेळ द्यायचा."

शहात्तर. अठ्ठ्याहत्तर. मग बराच वेळ काही नाही. मग ब्याऐंशी. अयोकाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. तासाभरात सत्त्याऐंशी. तिसऱ्या प्रहरच्या असर नमाजाला मी गेले आणि आले, तर एक्क्याण्णव. जाताना डॉक्टर माझ्याकडे न बघता पुटपुटला, "बघू." मी म्हटलं, "बघायचं ते मी बघते. तू फक्त करत जा."

पाच दिवस असं चाललं. सोळा तास पालथा, बाकीचे उताणा, पुन्हा पालथा. त्याचं तोंड सुजून ओळखू येईना, भिजलेल्या पिठाच्या गोळ्यासारखं. इबिदुन दर दोन तासांनी त्याची मान फिरवायची आणि डोळ्यांना मलम लावायची. मला वाटलं नव्हतं की मी सुजलेल्या पोराकडे बघून इतकी खूश होईन. सहाव्या दिवशी उलटायची गरज उरली नाही. बाराव्या दिवशी नळी काढली. त्याचा पहिला शब्द ऐकायला मी कान त्याच्या तोंडाशी नेला. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आई, हळू बोल." मी तोवर काहीच बोलले नव्हते.

आता तो छापखान्यात जातो. जिना चढताना मध्ये थांबतो. थांबू दे.

इथवर ठीक होतं. पण तीन महिन्यांनी इस्पितळाने मोठ्या दालनात सभा घेतली. खुर्च्यांना पांढरे झगे, टेबलावर सामोसे आणि गार बाटल्या, आणि भिंतीवर सरकणारी चित्रं. मला आणि गनियूला पहिल्या रांगेत बसवलं, जत्रेत दोन डोक्यांची बकरी बसवतात तसं. दारातच मला इबिदुन भेटली. नवा पोशाख, पण डोळे ओढलेले.

"पोरी, ह्याच्यानंतर किती जणांना पालथं घातलंत?"

"सात जणांना लागत होतं, अल्हाजा. दोघांना घातलं. दोन्ही वेळा पाळी माझी होती."

"आणि पाच?"

"फाईलीत आहे."

"काय आहे?"

तिने इकडे तिकडे बघितलं. "नातेवाईकांचा नकार."

"ते पाच जण कुठे आहेत?"

"एक घरी गेला," ती म्हणाली. बाकीच्या चौघांचं काही बोलली नाही. तिचा तो एवढा मोठा आवाज, कुठे गेला काय माहीत.

मी जाऊन बसले. डॉक्टर ओगुंतोला चित्रं सरकवत होता. गनियूच्या फुप्फुसाचं चित्र, आधी पाण्याने पांढरं, मग हवेने काळं. लोक टाळ्या वाजवत होते. "शास्त्र सोपं असतं," तो म्हणत होता, "कठीण असतो समाज. एका परंपरेला धरून बसलेल्या मातेचा विश्वास मी हळूहळू कसा मिळवला..." असं करत त्याने चांगली अर्धी घटका मला हळूहळू पटवलं. गनियूने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो मला ओळखतो.

शेवटी डॉक्टर हसत खाली आला आणि माझ्यापुढे माईक धरला. "अल्हाजा, दोन शब्द सांगाल का? इतर नातेवाईकांसाठी."

मी उभी राहिले. माईक घेतला नाही. मला तो लागत नाही.

"डॉक्टर ओगुंतोला," मी म्हटलं, "बाजारात मी आधी ऐकते आणि मग निकाल देते. तुझी बाजू ऐकली, चित्रांसकट. माझ्या पोराची नळी तू धरलीस, हात थरथरत होते तरी सोडली नाहीस, त्याबद्दल माझ्या घरात तुला जेवण कधीही आहे. ते वेगळं. आता निकाल ऐक. ह्या तीन महिन्यांत तू पाच घरांच्या नावावर नकार लिहिलास. त्या पाचांतल्या एका आईचं नाव सांग, जिने तुझ्या तोंडावर नाही म्हटलं. एक सांग. मी आत्ताच्या आत्ता तिच्या दारात जाते आणि तिला समजावते, आणि तुझी माफी मागते इथे सगळ्यांसमोर. सांग ना. माईक तुझ्याच हातात आहे. नाही सांगता येत? मग तो नकार त्यांचा नाही, तुझा आहे, आणि त्यातले चौघे तुझ्या नकाराने गेले. उद्यापासून फाईलीत खरं लिहायचं. नकार, डॉक्टर ओगुंतोला. कारण, विचारायला भ्यालो. खाली सही करायची. आणि जो जाईल त्याच्या आईला ते पान तू स्वतः वाचून दाखवायचं, उभं राहून, तिला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने."